ताकदीचा व्यायाम: जुन्या प्रशिक्षकांकडून आणि खेळाडूंकडून काय शिकावं?

सायली_परळ

जिममध्ये नव्याने आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कोणता व्यायाम करू?' ज्यांचं आयुष्य बारजवळ (ज्याला प्लेटा लावतात त्या लोखंडी दांड्याजवळ) गेलंय ते प्रशिक्षक या प्रश्नाला फार वेळ देत नाहीत. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं), बेंच (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं), डोक्यावर प्रेस (उभ्याने बार डोक्यावर ढकलणं), रो (वाकून बार पोटाकडे ओढणं), पुलअप (लटकून अंग वर ओढणं). यादी जवळपास संपली. त्यांचं लक्ष असतं ते तुमच्या पायांकडे, श्वासाकडे आणि सेट (सलग केलेली आवर्तनं) तुम्ही कुठे थांबवता याकडे.

मी परळच्या एका मंडळाच्या व्यायामशाळेत वजनं उचलते. तिथे येणारे एक निवृत्त वेटलिफ्टिंग प्रशिक्षक, कबड्डीच्या मुलांकडून तयारी करून घेणारे एक सर आणि पॉवरलिफ्टिंग खेळणाऱ्या एक ताई, या तिघांकडून जे मिळालं ते इथे मांडते. इथे बरेच अनुभवी लोक आहेत, त्यांनी भर घालावी म्हणून हा धागा.

निवृत्त सर स्क्वॉट बघताना समोर कधीच उभे राहत नाहीत. बाजूला येऊन उकिडवे बसतात, डोळे उचलणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीला आणतात आणि बुटांकडे बघतात. टाच कागदाएवढी जरी उचलली गेली तरी एकच शब्द येतो, 'टाच'. खडूच्या पावडरीने जमिनीवर पावलांच्या कडा आखून देतात. सेट संपल्यावर पावलं त्याच आखणीत आहेत का ते तपासतात. सरकली असतील तर वजन जड झालं होतं, मग तुम्ही तोंडाने काहीही सांगा. बाजूने पाहिलं तर बार पावलाच्या मध्यावर सरळ वर-खाली जायला हवा. तो पुढे गेला की कंबर भार घेते, आणि हे आरशात समोरून दिसतच नाही.

दुसरं म्हणजे थांबणं. ताई सांगतात, 'दोन शिल्लक ठेव.' म्हणजे अजून दोन रेप (आवर्तनं) नीट निघाले असते अशा वेळी बार रॅकवर ठेवायचा. यामागे जुना हिशेब आहे. सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन यांनी लिफ्टरांच्या सरावाच्या नोंदींवरून जो तक्ता मांडला, त्यात कमाल वजनाच्या (जे जेमतेम एकदाच उचलता येतं त्याच्या) ८० ते ९० टक्के भार असेल तर एका सेटमध्ये २ ते ४ रेप आणि त्या व्यायामाचे दिवसभरात मिळून १० ते २० असा अंदाज दिलाय. जगातले सगळ्यात ताकदवान लोक इतका हात राखून सराव करत होते. आपल्याकडे मात्र शेवटचा रेप मित्राने बार ओढून काढून दिला नाही, तर व्यायाम झाल्यासारखा वाटत नाही.

आणि तिसरं, जे मुलींना फार छळतं: वजन वाढवायचं कसं? बहुतेक व्यायामशाळांत सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की उडी पाच किलोची. ५० किलोच्या स्क्वॉटला ती चालून जाते. २५ किलोच्या प्रेसला पाच किलो म्हणजे २० टक्के! एवढ्या उडीला खांदा नाही म्हणतो, मग 'माझी प्रगती खुंटली' असं वाटायला लागतं. उपाय सोपा आहे, अर्धा आणि सव्वा किलोच्या प्लेटा स्वतःच्या पिशवीत ठेवायच्या. शिवाय बार एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. स्पर्धेचा पुरुषांचा बार २० किलोचा, महिलांचा १५ चा. व्यायामशाळेतला बार यांपैकी कुठलाही नसण्याची शक्यता बरीच असते.

गिरणगावकर

चांगला धागा, सायलीताई. पण मुंबईत ताकदीचा विषय निघाला की तालमीचं नाव आधी यायला हवं. लालबाग-परळ-वरळीत गिरण्या होत्या तेव्हा पाळी सुटल्यावर माणसं तालमीत जात. जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, मल्लखांब. बार कोणी बघितला होता? खाशाबा जाधव गोळेश्वरच्या मातीतून उठून १९५२ साली हेलसिंकीला कांस्य घेऊन आले, ते याच व्यायामावर.

शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून आहे. तिथले उदय देशपांडे सर, ज्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी किती पिढ्या घडवल्या बघा. २०१९ ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तीही शिवाजी पार्कलाच. टांगत्या मल्लखांबावर पकड सोडून दाखवा, मग डेडलिफ्टचं बोलू.

आमचे वस्तादही वाढवत वाढवतच नेत. पोरगं आलं की पहिल्या दिवशी चार जोर आणि घरी. दुसऱ्या दिवशी जास्त मागितले तरी द्यायचे नाहीत. तुमच्या ताईंचं 'दोन शिल्लक ठेव' मी लहानपणी 'भूक ठेवून ऊठ' असं ऐकलंय.

सायली_परळ

काका, 'भूक ठेवून ऊठ' हे मी उद्याच ताईंना सांगणार आहे.

तालमीबद्दल मनापासून आदर आहे. एक मुद्दा मात्र कबड्डीच्या सरांनी नीट समजावला तो मांडते. बैठका शंभरावरून तीनशेवर नेल्या की दम वाढतो, मांडीची चिकाटी वाढते. निव्वळ ताकद मात्र एका टप्प्यानंतर फारशी वाढत नाही, कारण भार तोच, आपल्या अंगाचा. चढाईपटूला मागून तिघांनी धरलंय आणि त्याला मध्यरेषेपर्यंत पोचायचंय. तिथे एकदाच, दोन-तीन सेकंद, प्रचंड जोर लागतो. म्हणून ते मुलांना बैठकाही घालायला लावतात आणि आठवड्यातून दोनदा जड स्क्वॉटही.

वजन मोजून चढवण्याची पद्धत वैद्यकात आली तीही अशीच गरजेतून. १९४० च्या दशकात अमेरिकी लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या पायांची ताकद परत आणत होते. त्यांची पुढे रूढ झालेली रीत अशी: जे वजन दहादाच उचलता येतं ते शोधायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. तिसऱ्यात दहापेक्षा जास्त निघू लागले की वजन वाढवायचं. आज कोणाही नवख्याला ही दिली तरी काम होतं.

गिरणगावकर

भार वाढला पाहिजे हे मान्य. पण मुद्गल आणि मल्लखांबाने खांदा ज्या ज्या दिशेला फिरतो तसा तुमच्या बारने फिरत नाही, हेही लिहून ठेवा.

सायली_परळ

लिहून ठेवलं. आमचे निवृत्त सर प्रेसच्या आधी हलके मुद्गल फिरवायलाच लावतात.

जुना_लिफ्टर_कल्याण

नोकरी सांभाळून बरीच वर्षं वेटलिफ्टिंग खेळलो, आता मुलांना शिकवतो. खेळाडूंकडून शिकायचं म्हणजे त्यांचे विजयाचे व्हिडिओ बघायचे असं अनेकांना वाटतं. मी मुलांना हुकलेल्या लिफ्ट दाखवतो.

२०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा घ्या, ५५ किलो गट. सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पानटपरी, पोरगं तिथे हातभार लावून व्यायामशाळेत जाणारं. स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर) ११३, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, दोन्हींतले सर्वोत्तम मिळून एकूण २४८. मलेशियाच्या अनिक कसदानचे २४९. एका किलोने सुवर्ण गेलं. १३९ च्या प्रयत्नात संकेतचं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. ते बघून माझ्या मुलांचे डोळे भरतात. त्यांनी ते जरूर बघावं, पण आकड्यांचा खेळही बघावा. स्नॅचनंतर संकेत सहा किलोंनी पुढे होता. समोरच्याने शेवटच्या प्रयत्नात १४२ उचलून सगळं फिरवलं. वेटलिफ्टिंगमध्ये बारवरचं वजन स्पर्धा सुरू झाली की फक्त वर जातं, खाली येत नाही. म्हणून पहिला प्रयत्न किती किलोचा सांगायचा, यावर प्रशिक्षकाची अर्धी परीक्षा असते. माझा नियम: सर्दी झालेली असताना, झोप नसताना, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी जे वजन निघेल ते पहिल्या प्रयत्नाला.

दुसरं उदाहरण मीराबाई चानू. २०१६ ला रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले, एकूण वजनाची नोंदच झाली नाही. २०१७ ला तीच मुलगी जगज्जेती, १९४ किलो. टोकियोत ८७ अधिक ११५, म्हणजे २०२, आणि रौप्य. या दोन्हींच्या मधल्या काळात पाठीचं दुखणं आलं, २०२० ला ती अमेरिकेत फिजिओ आणि ताकदीचे प्रशिक्षक ॲरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. ज्या बाईच्या नावावर जागतिक विजेतेपद आहे ती खांद्याच्या साध्या-साध्या व्यायामांपासून पुन्हा सुरुवात करते. परत आल्यावर एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला ११९ किलोचा क्लीन अँड जर्क, तेव्हाचा जागतिक विक्रम! मला कोणी 'हलक्या वजनाने सुरुवात करायला लाज वाटते' म्हणालं की मी हे सांगतो.

अनघा_मुलुंड

सगळं वाचून काढलं. माझा प्रश्न कदाचित इथे बसणार नाही, तरी विचारते. वय ५४. हाडांची घनता तपासली, कमी निघाली, अजून ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) नाही. डॉक्टर म्हणाले चाला. रोज चालतेच आहे. वजनं उचलणं माझ्यासारखीसाठी आहे का? घरचे म्हणतात, या वयात कंबर धरून बसशील.

मीरा_फिजिओ

अनघाताई, तुमचा प्रश्न या धाग्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. 'या वयात' हा शब्द मी रोज ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ज्यांना ताकदीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच आपण त्यापासून लांब ठेवतो.

चालणं हृदयासाठी उत्तम. हाडाला मात्र नेहमीपेक्षा मोठा भार जाणवला तरच ते दाट होण्याच्या कामाला लागतं. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ महिलांवर 'लिफ्टमोर' नावाचा अभ्यास झाला. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, आठ महिने. डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर प्रेस, पाच रेपचे पाच सेट आणि तेही कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर. शिवाय उडीचा एक व्यायाम. जड वजनाच्या गटात कंबरेच्या मणक्यांची घनता वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात घटली. हे सगळं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झालं आणि आधी हळूहळू शिकवून मगच वजन चढवलं, हे विसरू नका. ८५ टक्के हा आकडा वाचून उद्या बारखाली जायचं नाही.

वयाचं म्हणाल तर १९९० मध्ये बोस्टनला नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायाचा वजनी व्यायाम दिला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी तर काठी सोडली.

तुमच्यासाठी क्रम: आधी डॉक्टरांना विचारा की मणक्यात जुनं, दबून गेलेलं फ्रॅक्चर नाही ना, आणि रक्तदाब आटोक्यात आहे ना. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं. ते सोपं झालं की छातीशी डंबेल धरून. जोडीला कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायला शिकणं. पाठीला लांब काठी लावून सराव करा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. हे आलं की डेडलिफ्ट निम्मी आली. स्पर्धक लोक श्वास कोंडून उचलतात, त्याने रक्तदाब क्षणभर खूप वर जातो. तुम्ही उठताना श्वास सोडा.

अनघा_मुलुंड

मीराताई, खूप आभार. काठीचा प्रयोग लगेच करून पाहिला, माकडहाडाकडची काठी सुटते आहे! डॉक्टरांची वेळ घेते. स्क्वॉटमध्ये गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही ना?

मीरा_फिजिओ

गुडघे निरोगी असतील तर जाऊ दे. मुद्दाम मागे अडवला की धड पुढे झुकतं आणि भार खुब्यावर-कंबरेवर जातो. जिन्यावरून उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा बोटांच्या पुढे जातोच.

गिरणगावकर

बैठकीत तर टाचा उचलूनच बसतात, गुडघा पार पुढे. पहिलवानांच्या पिढ्यान्पिढ्या अशाच बसल्या.

जुना_लिफ्टर_कल्याण

थोडं वेगळं मत. लवचीक घोट्याच्या पोराचं ठीक आहे. तिशी-चाळिशीत, दिवसभर खुर्चीत बसून आणि विरार फास्टमध्ये तासभर उभं राहून जो पहिल्यांदा जिममध्ये येतो, त्याला मी सुरुवातीला मागे बसायलाच शिकवतो. घोटा मोकळा झाला की गुडघा आपोआप पुढे येतो.

मीरा_फिजिओ

शिकवण्याची पायरी म्हणून हरकत नाही. 'गुडघा पुढे गेला की झिजतो' ही भीती घातली जाते, माझा विरोध तिला आहे.

ओंकार_१९

मी कॉलेजात आहे, वजन ६० किलो. आमच्या इथल्या एका जिममध्ये ट्रेनर दर आठवड्याला व्यायाम बदलतो, म्हणतो मसल कन्फ्यूज झाले पाहिजेत. प्रोटीनचा डबा त्याच्याकडूनच घ्यायचा. आता म्हणतोय तीन महिन्यांचा 'कोर्स' केला तर शरीर लगेच दिसेल. घेऊ का?

सायली_परळ

ओंकार, नको. अगदी स्पष्ट सांगते, नको. त्या 'कोर्स'मध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. एकोणिसाव्या वर्षी शरीर स्वतःच भरपूर टेस्टोस्टेरॉन बनवतं. बाहेरून दिलं की ते बनवणं थांबवतं, आणि पुढे ते पूर्ववत होईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. यकृत आणि हृदयाची जोखीम वेगळी. तू विचारलंस हे फार चांगलं केलंस.

दर आठवड्याला व्यायाम बदलला तर मागच्या आठवड्यापेक्षा पुढे गेलो की मागे, हे कळणार कसं? एक साधी वही घे. तारीख, व्यायाम, वजन, रेप, आणि शेवटी 'अजून किती निघाले असते' याचा अंदाज. निवृत्त सरांकडे कोणी सल्ला मागायला आलं की ते आधी वही मागतात. कमाल वजन काढायला जीव धोक्यात घालायची गरज नाही. रेपला ३० ने भाग, त्यात १ मिळव, त्याने वजनाला गुण. ६० किलो पाचदा निघाले तर कमाल साधारण ७०.

प्रोटीन: ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतं. तुझे ९५-१०० ग्रॅम होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये पन्नासच्या आसपास. डाळ, चणे, दही, पनीर, मासे खात असशील तर सुकट-बोंबील. डबा सोय म्हणून घ्यायला हरकत नाही, पण भरवशाच्या ठिकाणाहून.

धावता_धनंजय

मी पळणारा. ताकदीने पेडर रोडचा चढ बदलला, म्हणून लिहितोय. मुंबई मॅरेथॉनमध्ये तो चढ परतीच्या वाटेवर येतो, तेव्हा फुप्फुसांआधी मांड्या आणि पोटऱ्या हार मानतात. आमच्या प्रशिक्षकांनी आठवड्यातून दोन दिवस वजनं लावली. एका पायावरचा डेडलिफ्ट, स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून उठबस), पोटऱ्यांचा जड व्यायाम. रेप कमी, वजन बऱ्यापैकी. वजनं कधी करायची यावर ते फार काटेकोर आहेत: ज्या दिवशी वेगाचा सराव त्याच दिवशी संध्याकाळी. सोपा दिवस पूर्ण सोपा ठेवायचा, म्हणजे शरीराला भरून काढायला सलग वेळ मिळतो. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सेट निम्मे करायचे, वजन थोडंच उतरवायचं.

जुना_लिफ्टर_कल्याण

पावसाळा आलाय म्हणून व्यायामशाळा चालवणाऱ्यांसाठी: दमट हवेत बार गंजतो, खडूची पावडर ओलावा धरून ठेवते. रोज रात्री ताठ ब्रशने बारच्या खाचा साफ करा, मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा. प्लेटा बसतात ती बारची टोकं मोकळी फिरत नसतील तर मनगट दुखावतं. नवीन यंत्र घेण्याआधी पैसे इथे घाला.

ओंकार_१९

सगळ्यांचे आभार. कोर्स घेत नाही. वही आणली. एकच शेवटचं: एकटा स्क्वॉट करताना वर येता आलं नाही तर काय करायचं? याच भीतीने मी खाली पूर्ण बसत नाही.

जुना_लिफ्टर_कल्याण

ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर इलाज आहे. रॅकमध्ये दोन्ही बाजूंना आडव्या लोखंडी पट्ट्या असतात. रिकामा बार घेऊन पूर्ण खाली बस, त्या अवस्थेत बार जिथे येतो त्याच्या दोन बोटं खाली पट्ट्या लाव. मग रिकाम्या बारने मुद्दाम 'फसून' बघ. छाती वर ठेवून आणखी थोडं खाली बसायचं, बार पट्ट्यांवर टेकवायचा आणि पुढे सरकून बाहेर यायचं. पुढे झुकून बार मानेवर येऊ द्यायचा नाही. हे चार-पाचदा केलंस की अंगात बसेल. पट्ट्या नसतील तर एकट्याने जड स्क्वॉट करूच नकोस, छातीशी डंबेल धरून कर. जमलं नाही तर तो समोर सोडता येतो. बेंच एकट्याने करत असशील तर बारच्या टोकांना क्लिप लावू नकोस, अडकलास तर बार एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतील. आधी आजूबाजूला कोणी नाही हे बघ. आणि शक्यतो बेंच एकट्याने करूच नकोस, शेजारच्याला हाक मार. 'दादा, जरा बारवर लक्ष ठेवता का?' एवढं म्हटलं की मुंबईतल्या कुठल्याही व्यायामशाळेत माणूस उठून येतो. किती रेप काढणार आहेस आणि बारला हात कधी लावायचा, ते मात्र त्याला आधीच सांग.